विंगेतून आलेलं वाक्य

तालमीच्या हॉलमध्ये फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने एक चौकोन आखला होता. स्पर्धेतला रंगमंच तेवढाच असणार, म्हणून. चौकोनाच्या आत उभं राहिलं की तुम्ही तहसीलदार, एक पाऊल बाहेर टाकलं की एस.वाय.चा विद्यार्थी. एकांकिका स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना त्या चौकोनातून आमच्या एका मित्राला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी मी आत गेलो.

कारण होतं एक अक्षर. तो ‘ण’ला ‘न’ म्हणायचा. पानी, कोन, आनि, म्हनून. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शहरात शिकायला आलेला मुलगा. अभिनय आमच्या सगळ्यांपेक्षा बरा. पहिल्याच वाचनाला त्याने तहसीलदाराचा पहिला प्रवेश वाचला तेव्हा हॉलमधल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला होता, इतकी शांतता. महिनाभर तालमी झाल्या, त्याचं पाठांतर सगळ्यात आधी झालं. स्वतःचं तर झालंच, पण बाकीच्यांचंही. मग एक दिवस जुन्या बॅचचे दोघंतिघं तालीम बघायला आले, आणि ते गेल्यावर आमचा दिग्दर्शक म्हणाला, “तू मस्त करतोयस, पण तहसीलदार असा बोलत नाही रे.”

तो म्हणाला, “आमच्याकडचे बोलतात की.”

कुणीतरी हसलं. बहुतेक मीच असेन. दिग्दर्शकाने त्याला गावकऱ्याची भूमिका देऊ केली. ती त्याने घेतली नाही. “मी प्रॉम्प्टिंग करतो,” एवढंच म्हणाला आणि वही घेऊन चौकोनाच्या बाहेर जाऊन बसला. तहसीलदार कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ‘हो’ म्हणायला किती वेळ घेतला? घेतलाच नाही.

आता एकांकिकेचा विषय सांगतो. दुष्काळी गाव. टँकर एकच. तो आधी कुणाच्या आळीत जाणार, हे तहसीलदाराला ठरवायचं आहे. गावातली वजनदार माणसं त्याच्यावर दबाव आणतात, आणि शेवटी तो टँकर वेशीबाहेरच्या वस्तीवर पाठवतो. म्हणजे ज्यांना कायम रांगेबाहेर ठेवलं गेलं त्यांच्या बाजूने उभं राहणाऱ्या माणसाचं नाटक आम्ही करत होतो. आणि ते नीट व्हावं म्हणून आमच्यातल्या एकाला रांगेबाहेर काढत होतो. यातली विसंगती तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही. किंवा आली असेल, पण बोललं कुणी नाही.

*

‘नाटकाने मला घडवलं’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलं असेल? पुरस्कार घेताना, मुलाखतीत, कॉलेजच्या ग्रुपवर जुने फोटो टाकताना. मीही म्हटलंय. पुढे काय घडवलं याची यादी येते: स्टेजची भीती गेली, आत्मविश्वास आला, आवाज सुधारला, चार माणसांत मिसळायला शिकलो. उन्हाळी नाट्यशिबिरांच्या जाहिरातीत हीच यादी असते.

यादी खोटी नाही. पण तिच्यात एक गंमत आहे. ती लोकांना गंडवणाऱ्या माणसालाही तितकीच उपयोगी आहे. आत्मविश्वास चोरालाही लागतो. खोटं पोट तिडकीने बोलता येणं, समोरच्याचा चेहरा वाचता येणं, हवं तेव्हा डोळ्यांत पाणी आणता येणं ही कौशल्यं आहेत. ती कशासाठी वापरायची, हे ती कौशल्यं स्वतः सांगत नाहीत. म्हणून मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. नाटक माणसाला तरबेज करतं, हे मान्य. ते त्याला चांगला माणूस करतं का?

नेहमीचं उत्तर असं: करतं, कारण नाटकात तुम्ही दुसऱ्याच्या कातडीत शिरता. दुसऱ्याचं दुःख आतून कळतं. एकदा कळलं की तुम्ही त्याच्याशी वाईट वागूच शकत नाही. ऐकायला हे फार छान वाटतं. मी महिनाभर त्या टँकरच्या रांगेतल्या माणसांच्या दुःखात बुडालेल्या नाटकात होतो, आणि शेजारी बसलेल्या मुलाचं दुःख मला कळलं नव्हतं. तेव्हा या उत्तरावर माझा विश्वास थोडा कमी आहे.

*

हा वाद जुना आहे. प्लेटोला नाटकाची भीती वाटायची. ‘रिपब्लिक’मध्ये तो म्हणतो की, राज्याच्या रक्षकांनी भित्र्या, वेड्या, हलक्या माणसांची नक्कल करू नये. कारण लहानपणापासून केलेली नक्कल अंगात मुरते. आधी ती हावभावात येते, मग आवाजात, मग विचारात. थोडक्यात, मुखवटा चेहऱ्याला चिकटतो.

अठराव्या शतकात फ्रेंच लेखक दिदरोने याच्या बरोबर उलटं मांडलं. त्याचा नटावरचा निबंध 1770च्या दशकात लिहिला गेला आणि त्याच्या मृत्यूनंतर, 1830मध्ये छापून आला. त्याचं म्हणणं, थोर नट काहीच अनुभवत नसतो. तो थंड डोक्याने निरीक्षण करतो आणि भावनेची बाहेरची चिन्हं अचूक उभी करतो. रडतो प्रेक्षक. नट फक्त रडवतो. असं असेल तर भूमिका नटाला चांगलंही करणार नाही आणि वाईटही. ती फक्त त्याच्यावरून वाहून जाईल.

आपल्याकडचं एक उदाहरण बघा. निळू फुले. पडद्यावर त्यांनी इतके नीच सरपंच, पाटील आणि पुढारी उभे केले की त्यांचं नाव काढलं तरी प्रेक्षक बोटं मोडायचे. प्लेटोचं खरं मानायचं तर या माणसात केवढं विष मुरायला हवं होतं! प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले, पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले आणि शेवटपर्यंत चळवळींच्या बाजूने उभे राहिलेले गृहस्थ होते. ते आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यासारख्या नटांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात दरमहा काही पैसे पडावेत म्हणून. गंमत अशी की ‘लग्नाची बेडी’ हे आचार्य अत्र्यांचं विनोदी नाटक आहे. कार्यकर्त्यांच्या दुःखाचा त्यात संबंधच नाही. त्या नटांचं चांगुलपण त्यांच्या भूमिकेत नव्हतं. ते प्रयोग कुणासाठी लावला, तिकिटाचा पैसा कुठे गेला, यात होतं.

प्लेटो आणि दिदरो भांडतात ते भूमिकेवरून. मला वाटतं, दोघंही चुकीच्या जागी बघत आहेत. नटाला घडवणारी गोष्ट भूमिकेच्या आसपास असते, भूमिकेत नव्हे.

*

पण त्याआधी एक कडू गोष्ट पचवायला हवी. नाटक करणारी माणसं आपोआप चांगली होत असती, तर विजय तेंडुलकरांना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहावं लागलं नसतं.

1967मध्ये ‘रंगायन’ने केलेलं हे नाटक, अरविंद देशपांडे यांनी बसवलेलं, सुलभा देशपांडे यांनी बेणारेबाई उभ्या केलेलं. आपण त्याच्याकडे बहुतेक वेळा स्त्रीवर होणाऱ्या अन्यायाचं नाटक म्हणून बघतो, आणि ते आहेच. पण एक गोष्ट सहज निसटते. यातली बहुतेक सगळी पात्रं हौशी नाटकवाली आहेत. गावोगाव अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करत हिंडणारी मंडळी. प्रयोगाला वेळ आहे, म्हणून ती गंमत म्हणून एक खोटा खटला उभा करतात आणि आपल्यातल्याच एकीला, लीला बेणारेला, आरोपी करतात. बघता बघता खेळाचा फास होतो. न्यायाधीशाचा झगा अंगावर असल्यामुळे काशीकरांना एरवी बोलता आलं नसतं ते बोलता येतं. वकिलाचा आव आणल्यामुळे सुखात्म्यांच्या जिभेला धार येते. आणि शेवटी खऱ्या प्रयोगाचे प्रेक्षक दाराशी आले की हीच माणसं पुन्हा साधी, मनमिळाऊ होतात आणि मोडून पडलेल्या बाईला समजावतात की हा तर खेळ होता.

भूमिका माणसाला दुसऱ्याच्या कातडीत शिरवते, हे खरं. पण ती लपायलाही जागा देते. ‘मी नाही, पात्र बोललं.’ ‘मी नाही, नाटकाची गरज होती.’ आमच्या दिग्दर्शकाने त्या मुलाला काढलं तेव्हा त्याने स्वतःचं मत म्हणून काढलं नाही. ‘प्रयोगाची गरज’ म्हणून काढलं. तो दुष्ट नव्हता. त्याने त्या एकांकिकेसाठी स्वतःचा मोबाइल विकून नेपथ्याचं लाकूड आणलं होतं. म्हणून तर त्याला विरोध करणं अवघड होतं.

रूसोने 1758मध्ये दालांबेरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात नाटकाच्या प्रेक्षकांबद्दल एक बोचरी शंका काढली होती. नाटकातल्या काल्पनिक दुःखावर आपण रडतो, आणि माणुसकीचं आपलं देणं फिटलं असं समजून घरी जातो. वर त्या रडण्याने आपलं काहीच गेलेलं नसतं. ही शंका नटांनाही लागू आहे, प्रेक्षकांपेक्षा जास्तच. आम्ही रोज चार तास वस्तीवरच्या लोकांसाठी कळवळत होतो. इतका कळवळा रोज खर्च केल्यावर चहाच्या टपरीवर शेजारी गप्प बसलेल्या मित्रासाठी शिल्लक काय राहणार?

*

‘प्रयोग थांबत नाही’ हे नाटकवाल्यांचं ब्रीद. या ब्रीदाची मराठीतली सर्वांत मोठी कथा बालगंधर्वांची. 1911 साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. प्रयोग झाला.

ही कथा मी पहिल्यांदा ऐकली ती तालमीतच. एक मुलगी तापाने फणफणलेली असताना घरी जाते म्हणाली, तेव्हा तिला ही गोष्ट सांगण्यात आली. ती थांबली. त्या वेळी मला ते थोर वाटलं. आता वाटतं, बालगंधर्वांनी जे केलं ते त्यांनी स्वतःच्या दुःखाबाबत केलं. तो त्यांचा निर्णय होता, बरा की वाईट हे ठरवणारे आपण कोण? पण तीच कथा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली की तिचं दुसरंच काहीतरी होतं. माझ्या दुःखापेक्षा प्रयोग मोठा, असं मी म्हणू शकतो. तुझ्या दुःखापेक्षा प्रयोग मोठा, असं मी म्हणालो तर तो त्याग नाही. ती फुकट मिळालेली मजुरी आहे. नाटकाच्या जगात या दोन वाक्यांची फार वेळा सरमिसळ होते. स्टार्टअपमध्ये होते, आंदोलनात होते, घरातही होते. जिथे जिथे ‘आपलं काहीतरी मोठं चाललंय’ अशी भावना असते, तिथे तिथे.

ब्राझीलचा नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल याने या दुखण्यावर एक साधा उपाय शोधला होता. त्याच्या ‘फोरम थिएटर’मध्ये अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवतात, मग तोच पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षकांतलं कुणीही मध्येच ‘थांबा’ म्हणू शकतं. जो थांबवेल त्याने मंचावर यायचं, त्या पात्राची जागा घ्यायची आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. बसल्या जागेवरून सल्ला द्यायचा नाही.

मी डोक्यात कितीदा तरी आमच्या हॉलमधला तो प्रसंग असा पुन्हा लावून बघितलाय. ‘तहसीलदार असा बोलत नाही रे’ या वाक्यानंतर कोण ‘थांबा’ म्हणू शकलं असतं? आम्ही अकरा जण होतो. दिग्दर्शक सोडला, तो सोडला, तरी नऊ उरतात. सगळ्यात सोपं मला होतं. मी फक्त ‘मी करणार नाही’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याहून लांब स्वगतं मी दोन दिवसांत पाठ केली.

*

आता त्या रात्रीबद्दल.

अंतिम फेरी. तिसरी घंटा झाली, पडदा गेला. पहिली वीस मिनिटं चांगली गेली. मग टँकरचा निर्णय द्यायचा तो प्रवेश आला. समोर गावातली मातब्बर मंडळी, मागे वस्तीवरची माणसं, मध्ये मी. डोक्यावर स्पॉट. आणि माझं डोकं कोरं झालं.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही, तरी सांगतो. वाक्य आठवत नाही असं होत नाही. भाषाच आठवत नाही. समोरच्या अंधारात चारशे माणसं आहेत आणि सगळी तुमचा श्वास मोजत आहेत असं वाटतं. समोरच्या नटाने काहीतरी सावरायचा प्रयत्न केला, पण निर्णय माझ्याच तोंडून यायला हवा होता.

मी विंगेकडे बघितलं नाही. पण तिकडून काही येत नव्हतं. एक सेकंद. दोन. मग आवाज आला, हलका, स्पष्ट: “पानी आधी वस्तीवर जाईल.”

मी ते वाक्य उचललं आणि जसंच्या तसं बोललो. “पानी आधी वस्तीवर जाईल.”

विचार करायला वेळच नव्हता. त्याच्या तोंडून जे आलं ते माझ्या तोंडून गेलं, ‘न’सकट. पुढचं सगळं आठवलं. प्रयोग पूर्ण झाला. टाळ्या झाल्या. मला अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. परीक्षकांनी नंतर आम्हाला भरभरून सूचना दिल्या: प्रकाशयोजना, लांबलेला शेवट, एका एन्ट्रीची वेळ. ‘पानी’बद्दल कुणी काही बोललं नाही. प्रेक्षकांतून कुणी बोललं नाही. आमच्यातलंही कुणी बोललं नाही. तहसीलदार ‘पानी’ म्हणाला आणि आभाळ कोसळलं नाही.

ज्या कारणासाठी एका माणसाला काढलं होतं, ते कारण भर रंगमंचावर, भर प्रकाशात उभं राहून गेलं आणि कुणाला दिसलंही नाही. परतताना टेम्पोत तो नेपथ्याच्या फळ्यांवर बसला होता. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. मी त्याला ‘थँक्स’ म्हणालो. तो ‘हं’ म्हणाला.

*

बारा वर्षं गेली. मी नाटक सोडलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला. मागच्या दिवाळीत एका जुन्या मित्राकडून नंबर मिळाला म्हणून मी त्याला फोन केला. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाटक बसवत होता. वर्गात एकतीस मुलं, आणि एकतीसही नाटकात. “झाडं लई झालीत,” म्हणाला, “पन प्रत्येक झाडाला एक वाक्य दिलंय.”

मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, “त्या वेळी मी ती भूमिका घ्यायला नको होती.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुला एक सांगू का? मी ते वाक्य मुद्दाम उशिरा दिलं.”

“म्हणजे?”

“तू अडकलास ते मला लगेच कळलं. वही माझ्या हातात, बोट वाक्यावर. मनात आलं, बुडू दे. दोन सेकंद थांबलो मी. मोजून.”

“मग दिलंस का?”

“तुझ्या मागे ती सगळी उभी होती ना. वस्तीवरची. ती बी बुडाली असती. आनि खरं सांगू, नाटक माझं बी होतंच की. सगळं पाठ होतं मला.”

मी माफी मागितली. त्याने ‘जाऊ दे रे’ म्हटलं नाही, हे मला फार बरं वाटलं. म्हणाला, “तुला माफ केलं का नाही, ते मलाच नक्की सांगता येनार नाही. पन वाक्य द्यायचं होतं, ते दिलं. तेवढं माझं काम होतं.”

*

त्या फोननंतर मला माझ्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार सापडलं असं वाटतं.

भूमिका उसनी असते. कोकणातल्या दशावतारी कलावंतांबद्दल एक म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर मुकुट घालून दरबार भरवायचा आणि उजाडलं की तोच पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालायला लागायचं. मुकुट पेटाऱ्यात परत जातो. भूमिकेतलं मोठेपण, भूमिकेतली करुणा, भूमिकेतला न्याय, सगळं तिच्याबरोबर पेटाऱ्यात जातं. मी केलेला तहसीलदार न्यायी होता. म्हणून मी न्यायी झालो नाही.

पण त्याच दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद आयत्या वेळचे. समोरचा काय बोलतोय हे नीट ऐकल्याशिवाय तुमच्या तोंडून पुढचं वाक्य येऊच शकत नाही. पाठ केलेलं नाटकही खरं तर असंच चालतं, फक्त ते पटकन दिसत नाही. क्यू पकडायचा म्हणजे दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकायचं. अंधारात नेपथ्य बदलणाऱ्याने टेबल दोन इंच सरकवून ठेवलं तर तुमचा पाय अडकतो. तुमच्या खिशात यायची चिठ्ठी प्रॉपर्टीवाल्याने ठेवली नाही तर तुम्ही कितीही थोर नट असा, खिशातून रिकामा हातच बाहेर येणार. रोजच्या जगण्यातही आपण एकमेकांवर असेच अवलंबून असतो, पण तिथे ते लपलेलं असतं. वीज कुठून येते, भाजी कुणी निवडली, हे कळत नाही. नाटकात ते पाच फुटांवर, विंगेत उभं असतं आणि त्याला चेहरा असतो.

म्हणून नाटक माणसाला चांगलं करतं असं मी म्हणणार नाही. ते फक्त अशी एक जागा तयार करतं, जिथे दुसरा पडला तर आपणही पडतो हे डोळ्यांना दिसतं. तिथे उभं राहून काय करायचं, हे प्रत्येकाने ठरवायचं. मी चौकोनात उभा राहून ते बघितलं नाही, कारण प्रकाशात उभं असणाऱ्याला अंधारातलं दिसत नाही. त्याने अंधारात उभं राहून बघितलं. राग होता, संधी होती, हक्कही होता म्हणा. आणि दोन सेकंदांनंतर त्याने वाक्य दिलं. नाटकाने आमच्यापैकी कुणाला घडवलं असेल तर ते त्याला. प्रशस्तिपत्र मात्र माझ्या घरी आहे.

यातून ‘अन्याय झाला तरी निमूट काम करत राहावं’ असा अर्थ कृपा करून काढू नका. तो मोठा वागला म्हणून आमचं छोटेपण माफ होत नाही. ज्याला बाहेर काढलं त्याच्याच चांगुलपणावर आमचा प्रयोग तरला, ही आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसात मुलाखती होत्या. पॅनेलवर आम्ही तिघं. विदर्भातून आलेली एक मुलगी होती, कामात पक्की, बोलताना ‘आनि’, ‘कोनी’ म्हणणारी. ती बाहेर गेल्यावर शेजारचा सहकारी हसून म्हणाला, “नॉलेज चांगलंय, पण क्लायंटसमोर अशी बोलली तर...”

मी लगेच बोललो असं सांगायला मला आवडलं असतं. नाही बोललो. एक सेकंद गेला. दोन गेले. मग म्हणालो, “तिचं एखादं वाक्य आपल्याला कळलं नाही असं झालं का?”

खोलीत जरा अवघडलेपण आलं. निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नव्हता. पण चर्चा पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी तिच्या कामाबद्दल झाली.